विरजण लागलं

आमच्या तासगावात हल्ली एखाद्या बायकोनं सणवार नसताना पुरणपोळी केली, की नवऱ्याचे हातपाय गार पडतात. 'आज काय विशेष?' असं विचारायची छाती होत नाही. तो मुकाट्यानं जेवतो, पोळीवर तूप नेहमीपेक्षा जास्त पडलंय का ते बघतो, आणि जास्त असेल तर न्हाणीघरात जाऊन दाराला कडी लावून दोन्ही हात पुढं धरून उभा राहतो. कापतायत का बघायला.

ही थाप नव्हे. थापा मी आयुष्यभर मारल्या, त्यामुळं थाप कुठली आणि खरं कुठलं हे मला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

मी गुरुपाद शेटे. बेदाण्याचे सौदे पुकारण्यात माझी हयात गेली. आता ते काम पडद्यावरचे आकडे करतात. कुणी ओरडत नाही, कुणी कुणाच्या अंगावर बेदाणे भिरकावत नाही, देवळात बसल्यासारखा सौदा चालतो. आमच्या वेळी हॉलमध्ये पायाखाली बेदाण्यांचा गालिचा असायचा. त्यातून चालत मी पेटीतला एक दाणा उचलायचा, अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवत राहायचा, आणि त्या मालाची अशी काही जन्मकथा सांगायची की व्यापारी हसता हसता भाव चढवून बसायचा. बोटांना ती सवय इतकी लागली होती की घरी बसल्या बसल्याही ती दाणा फिरवत. कथेच्या शेवटी माझी शपथ ठरलेली होती: 'खोटं सांगत असेन तर ह्या बेदाण्याची परत द्राक्षं होतील.' बेदाण्याची द्राक्षं कधी होत नसतात. सगळा बाजार ओळखून होता, शेट्यानं ही शपथ घेतली की शुद्ध थाप.

आमची बायको महानंदा नेमकी उलट. तिला खोटं बोलताच येत नाही. नको असलेल्या पाहुण्याला 'बसा की अजून' म्हणतानासुद्धा तिची मान खाली जाते.

आता पुरणपोळीची भीती कळायची तर आधी थोडं विज्ञान ऐकावं लागेल. मी बाजारातला माणूस, बाजारातल्या भाषेत सांगतो.

आपल्या मेंदूत एक प्रथिन असतं. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव सांगितलं, अल्फा-सिन्युक्लिन. मी म्हटलं, हापूस असतं तर लक्षात तरी राहिलं असतं. तर ह्या प्रथिनाची घडी नीट असेल तोवर ते मुकाट्यानं काम करतं. पण एखाद्याची घडी चुकते. आणि चुकलेल्या घडीचं प्रथिन शेजारच्या चांगल्याला लागलं, की त्याचीही घडी तशीच चुकते. त्याच्यामुळं पुढच्याची. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, त्यातला प्रकार. हे वर्षानुवर्षं आतल्या आत चालतं; फार तर नाकाला वास येईनासा होतो, तो कोण मनावर घेतो. हालचालींचा लगाम ज्या पेशींच्या हातात असतो त्या मरत जातात, आणि पुष्कळशा मेल्यावर मग कुठं हात कापायला लागतो, पाय जमिनीला चिकटतो, चेहरा लाकडाचा होतो; कंपवात म्हणतात तो हाच. म्हणजे कीड दिसते तेव्हा निम्मी बाग गेलेली असते.

ती आधीच ओळखायची एक युक्ती निघाली. मेंदू ज्या पाण्यात तरंगतो तेच पाणी खाली पाठीच्या कण्यात उतरलेलं असतं. पूर्वी ते काढायचं म्हणजे केवढी मोठी सुई. आता डास चावल्यासारखं होतं. त्या पाण्याचा थेंब चांगल्या प्रथिनात टाकतात, कोमट जागी ठेवतात, हलवत राहतात. पाण्यात चुकलेल्या घडीचा कण असला तर सगळं हळूहळू त्याच्यासारखं होत जातं आणि नळी चमकायला लागते. नसला तर काही होत नाही.

म्हणजे विरजणच की. चमचाभर दही आणि भांडंभर दूध. लोकांनी त्या तपासणीला नावही तेच दिलं. 'लागलं' म्हणजे संपलं. 'नाही लागलं' म्हणजे पेढे वाटा.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग एक वाईट शोध लागला. ज्यांना 'तुमचं लागलंय' असं सांगितलं, त्यांचा रोग न सांगितलेल्यांपेक्षा कितीतरी जोरात धावायचा. हात हलवायला डोपामिन नावाचा जो रस लागतो, तोच माणसाला आशेलाही लागतो. बातमी कानावर पडली की आशा जाते, रस आटतो, आणि दहा वर्षांनी यायचं ते दोन वर्षांत दारात उभं. म्हणून कायदा झाला. साठी उलटली की प्रत्येकाचं पाणी तपासायचं, पण निकाल त्याला सांगायचा नाही. घरातल्या एकाला सांगायचा. त्याला म्हणायचं राखणदार. राखणदारानं रोज सकाळी त्या माणसाच्या चहात थेंब टाकायचे, लागलेल्याला औषधाचे आणि न लागलेल्याला साध्या पाण्याचे. बाटली सारखीच. आणि तोंड बंद ठेवायचं.

सांगितलं तर माणूस भीतीनं खचतो, म्हणून न सांगायचा कायदा. न सांगितल्यानं जी भीती वाटते, तिच्यावर अजून कायदा झालेला नाही.

तेव्हापासून अख्खा गाव एकमेकांची तोंडं वाचत बसलाय. बायको गोड बोलली की भीती. नवऱ्यानं कारण नसताना गजरा आणला की भीती. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ तर, बायकोनं दणकून भांडण काढलं म्हणून आनंदानं रडले.

आम्ही दोघं एकाच दिवशी निकालाला मिरजेला गेलो. मी तिचा राखणदार, ती माझी. डॉक्टर मुजावर म्हणून तरुण बाई होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी मला एकट्याला आत बोलावलं.

'काकूंचं नाही लागलं,' त्या म्हणाल्या. मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

त्यांनी पडद्यावर महानंदाचा मेंदू दाखवला. काळ्या अंधारात मधोमध दोन पिवळेधमक स्वल्पविराम. 'हालचालीचा रस इथं असतो. रोग असला की ह्यांची शेपटी झिजते आणि नुसता ठिपका उरतो. स्वल्पविरामाचा पूर्णविराम. काकूंचं वाक्य चालू आहे अजून.'

'मग तिला सांगतो की. चांगलीच बातमी आहे.'

'नको काका. चांगलं असलेल्यांनी सांगायला सुरुवात केली, तर ज्याचा राखणदार गप्प बसेल त्याला काय कळेल?'

हे खरंच होतं. मी उठलो.

'तुम्हाला काय अवघड आहे म्हणा,' त्या हसून म्हणाल्या. 'तुमची कीर्ती मिरजेपर्यंत आलेली आहे.'

मग महानंदा आत गेली. मी बाहेर बाकावर बसलो आणि देवाशपथ सांगतो, इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. ती बाहेर आली तेव्हा मी तिचं तोंड असं बघत होतो, जसं सौद्यात पहिल्या पेटीचं झाकण उघडताना बघावं. मान खाली गेली नाही. डोळे ओले नव्हते.

'चला,' ती म्हणाली. 'बस जाईल.'

माझा जीव भांड्यात पडला. हिला खोटं बोलता येत नाही, म्हणजे माझंही नाही लागलं. परतीच्या बसला चालक नसतो हल्ली. पुढच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत मी सगळ्या उतारूंना सांगत आलो की चालक मुंगीएवढा असतो आणि मीटरमध्ये बसतो. लोक हसत होते. महानंदा खिडकीतून बाहेर बघत होती. तिला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक होतं. गप्प बसता येतं की नाही, हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहात साखरेऐवजी मीठ पडलं. मी म्हटलं, 'औषध खारट दिसतंय.' ती एकदम दचकली, कप उचलला आणि मोरीत ओतला.

त्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो असताना गॅसवरचं दूध करपून काळं झालं. ती परसातून धावत आली. 'अहो, वास नाही आला?'

'आला की. म्हटलं शेजाऱ्यांचं जळतंय, आपण कशाला मधी पडा.'

ती हसली नाही. भांडं हातात धरून माझ्याकडं बघत उभी राहिली.

दुधाचा विषय निघालाच आहे तर पुढचं सांगतो, कारण सगळं तिथंच फिसकटलं. उन्हाळ्यानं आमचं दही बिघडलं होतं. तार सुटायला लागली होती त्याला. महानंदानं सगळं टाकून दिलं आणि मला रावसाहेबाकडं विरजण मागायला पाठवलं. रावसाहेब चौगुले माझा जुना मित्र, अडत दुकानवाला, आणि माझ्या थापांचा कायमचा साक्षीदार. मी एकदा बाजारात सांगितलं होतं की बेदाणा वाळवायच्या शेडवरच्या मधमाश्या बेदाणे खाऊन झिंगतात आणि पोळ्याचा रस्ता चुकतात. तर ह्यानं काडेपेटीतून एक झिंगलेली माशी पुरावा म्हणून आणून दाखवली होती. असला माणूस.

त्याच्या घरचं विरजण मीच लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी महानंदा भाजीला गेली होती आणि त्याचा फोन आला.

'काय शेटे, विरजण लागलं का?'

मी भांड्यावरचं झाकण काढलं. दही असं घट्ट की भांडं उलटं केलं तरी हलणार नाही. आता साधं 'लागलं' म्हणून फोन ठेवला असता तर ही कथाच झाली नसती. पण जीभ माझी आहे, ती एवढ्यावर कशी थांबेल.

'लागलं म्हणजे काय रावसाहेब, असं लागलंय की आता कुणाचा इलाज चालायचा नाही. दगड झालाय नुसता. महानंदाला अजून सांगितलं नाही मी. बघितलं तर हबकून जाईल. तिच्या हातात धरवायचंसुद्धा नाही.'

मागं काहीतरी पडलं. वळलो तर मागच्या दारात महानंदा. पिशवी खाली पडलेली, आणि टोमॅटो एकामागून एक मोरीकडं गडगडत चाललेले.

'अगं, दही,' मी म्हणालो.

ती खाली वाकून टोमॅटो गोळा करायला लागली. एक टोमॅटो तिच्या हातातून तीनदा निसटला.

'महानंदा, दह्याबद्दल बोलत होतो मी. रावसाहेबाकडचं विरजण. हे बघ.' मी भांडंच तिच्यापुढं धरलं. 'हे बघ किती घट्ट लागलंय.'

तिनं दह्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. 'हे कधी लावलंत? पुरावा म्हणून?'

मी आजवर बाजारात माकडं, मधमाश्या, बोलणारी द्राक्षं विकली. त्या सगळ्यात ही थाप कच्ची वाटत होती, आणि ती तेवढी एकच खरी होती.

त्या दिवसापासून तिचा हात कापायला लागला. आधी पळीतून आमटी सांडायची. मग वाती वळताना कापूस सुटायला लागला. मग ती परसाच्या पायऱ्या उतरेनाशी झाली. म्हणायची, पाय उचलतच नाही. मी समोर बसून सांगायचो की तुझं नाही लागलं, मी डोळ्यांनी बघितलंय, दोन पिवळे स्वल्पविराम आहेत तुझ्या डोक्यात.

'डोक्यात स्वल्पविराम,' ती म्हणायची. 'बरं.'

'खरं सांगतोय.'

'तुम्ही दुसरं काय सांगणार? लागलेल्याचा राखणदार हेच सांगणार.' मग माझ्या हातावर हात ठेवायची, आणि तो माझ्या हातावर थरथरत राहायचा. 'मला वाईट नाही वाटत हो. तुम्ही एवढी माया करून थाप मारताय, ते कळतंय मला.'

मी रावसाहेबाला साक्षीला आणला. तो बिचारा दारातच हात जोडून उभा राहिला. 'वहिनी, दह्याचंच बोलणं होतं. गळ्याशपथ.'

'भावजी, त्या माशीच्या वेळीही तुम्हीच होतात,' ती म्हणाली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला उठली. कपातला निम्मा चहा बशीत आला. रावसाहेब तो न पिताच गेला.

आता मात्र मी हबकलो. डॉक्टरीणबाईंचे शब्द डोक्यात घुमत होते. भीतीनंही हात कापतो, त्या निकालाच्या दिवशीच म्हणाल्या होत्या, आणि भीती मुक्कामाला राहिली की आतला रस आटतो. म्हणजे माझी धडधाकट बायको माझ्या डोळ्यांदेखत आजारी पडत होती, आणि तिला वाचवायला फक्त एक वाक्य हवं होतं: तुझं नाही लागलं. ते वाक्य माझ्याजवळ होतं. पण जन्मभर खोटी नाणी चालवलेल्या माणसानं एक दिवस खरं नाणं काढलं, तर दुकानदार ते दातांनी चावून बघणारच.

मी तिला मिरजेला नेलं. डॉक्टर मुजावरांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्याशी सरळ बोलल्या. 'काकू, माणूस भीतीनंच आजारी पडायला लागला, तर राखणदाराच्या परवानगीनं मला सांगता येतं. तुमचं नाही लागलं.'

'तुम्ही सगळ्यांना असंच सांगत असाल, बाळ.'

त्यांनी चित्र दाखवलं. दोन्ही स्वल्पविराम.

'हे माझंच डोकं कशावरून? मेंदूवर काय गोंदलंय का माझं नाव?'

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्यांच्याकडं. महानंदाला खोटं बोलता येत नव्हतं म्हणूनच बहुतेक, ती इतकी वर्षं सगळं खोटं ऐकून पारखायला शिकली होती.

'एक करता येईल,' डॉक्टरीणबाई म्हणाल्या. 'नवीन यंत्र आलंय. पूर्वी नुसता फोटो निघायचा, आता चालू चित्र दिसतं. शिरेतून औषध सोडायचं आणि आत झोपायचं. माणसाला आशा वाटली, तो मनापासून हसला, की रस सुटतो आणि त्याच क्षणी तिथं उजळतं. काकूंना आत डोळ्यांसमोर आरशात ते दिसेल. स्वतःचं हसू स्वतःच्या मेंदूत दिसलं, तर मग डोकं कुणाचं हा प्रश्न उरणार नाही.'

'आणि हसवायचं कुणी?' महानंदानं विचारलं.

दोघींनीही माझ्याकडं बघितलं.

तिला त्या पांढऱ्या बोगद्यात सरकवलं. नुसते पाय बाहेर दिसत होते. मी काचेच्या अलीकडं माइकसमोर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा थाप सांगायची भीती वाटली. पडद्यावर दोन स्वल्पविराम होते, पण मंद, राखेखालच्या निखाऱ्यासारखे.

'मणेराजुरीच्या एका शेडवर,' मी सुरुवात केली, 'एक माकड कामाला होतं. बेदाण्याची प्रतवारी करायचं. हिरवा इकडं, पिवळा तिकडं, काळा तोंडात.'

'हे ऐकलंय,' बोगद्यातून आवाज आला. आवाजही कापत होता.

'ऐक की. मग बाजार समितीची निवडणूक लागली. माकड उभं राहिलं, बिनविरोध आलं.'

'आणि कुणाला फरकच कळला नाही. हेही ऐकलंय.'

पडद्यावर काही हललं नाही. उलट मला वाटलं, आणखी विझलं. 'घाबरल्यात त्या,' डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. मीही घाबरलो होतो. पुढचा शेवट माझ्याजवळ नव्हता. डोळ्यांसमोर फक्त ते दह्याचं भांडं येत होतं.

'पुढचं नाही ऐकलंस तू,' मी म्हणालो. 'माकडाला साठी लागली. मिरजेला आलं, विरजणाला. बायकोला म्हणालं, तू घरी बस, तू झाडावर चढून सगळ्या गावाला सांगशील. डॉक्टरीणबाईंनी पाणी काढलं. एकदम स्वच्छ. माकड उड्या मारत घरी गेलं. बायको फांदीवर बसलेली. म्हणाली, काय झालं? माकड दम लागलेलं, तोंडातून एवढंच निघालं, लागलं.'

मी माइक जवळ ओढला.

'बायको फांदीवरून खाली. पाणी मारलं, वारा घातला. डोळे उघडून म्हणते, अहो, काय लागलं? आता माकडाला खरं ते सांगायचं होतं. पण सवय. म्हणालं, दही.'

एक बारीकसा आवाज आला. हुंदका का काय कळेना.

'बायको उठून बसली. म्हणाली, मेल्या माकडा, माकडं कुठं दही लावतात का? चाळीस वर्षं थापा मारतोस, एक तरी नीट मार.'

आणि महानंदा हसली. बोगदा घुमला तिच्या हसण्यानं. पाय हलत होते तिचे. 'हलू नका काकू,' डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, पण त्यांचंही लक्ष पडद्यावर होतं. ते दोन्ही स्वल्पविराम डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत पेटले होते, दिवाळीतल्या पणत्यांसारखे, आणि ती हसायची थांबली की मंद होत होते, पुन्हा फुटली की पुन्हा उजळत होते.

'अगं बाई,' आतून आवाज आला. आता तो कापत नव्हता. 'माझंच आहे की हो हे.'

तिला बाहेर काढलं तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं केस सारखे केले, पिना लावल्या. मी बघत होतो. पीन एकदाही सुटली नाही.

मी इतका खुशीत होतो की पायताण काढून बोगद्याकडं निघालो. 'आता मलाही घ्या आत. महानंदा, तू सांग गोष्ट. माझेही दिवे बघू कसे लागतात.'

डॉक्टर मुजावर खिडकीकडं वळल्या आणि पडद्याची दोरी सारखी करायला लागल्या. दोरी सारखीच होती.

'काही नको,' महानंदा म्हणाली.

'का? बघू की एकदा.'

'नको म्हटलं ना.' ती पुढं आली आणि माझ्या शर्टाचं बटण लावलं. ते लावलेलंच होतं. 'तुम्हाला कशाला पाहिजे यंत्र? मीच सांगते, मी राखणदार आहे तुमची. तुमचं नाही लागलं. एकदम स्वच्छ.'

तिची मान खाली गेली नाही. डोळे माझ्या डोळ्यांत होते. मग ती म्हणाली,

'खोटं सांगत असेन तर बेदाण्याची द्राक्षं होतील.'

यंत्र मागं घरघरत होतं.

तिला बिचारीला खोटं बोलायची दुसरी रीत ठाऊकच नव्हती. घरात इतकी वर्षं एकच ऐकलेली. चहात मीठ पडलं ते दह्याच्या फोनच्या आधी, हे मला तेव्हा आठवलं. करपलेलं दूध आठवलं. त्या दिवशी शेजाऱ्यांचं म्हटलं खरं, पण वास मला आलाच नव्हता. हात तिचा कापत होता, पण तो कुणाच्या भीतीनं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी जोरात हसलो. सौद्याच्या हॉलमध्ये हसायचो तसा. 'मग प्रश्नच मिटला,' म्हटलं, आणि पायताण घातलं.

बसमध्ये तिनं मला खिडकीजवळ बसवलं. पुढं चालकाची रिकामी खुर्ची होती. उतारूंना मुंगीची गोष्ट सांगावी असं मनात आलं, पण सांगितली नाही. बाहेर द्राक्षबागा सरकत होत्या, नुकत्याच छाटलेल्या, सगळी खोडं उघडी. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की ती माझ्या उजव्या हाताकडं बघतेय.

हात मांडीवर होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, हळूहळू, एकसारखी, दाणा पारखताना फिरायची तशी. मी थांब म्हटलं. बोटं ऐकेनात. त्यांच्यात बेदाणा नव्हता.

महानंदानं तिचा हात त्यांच्यावर ठेवला. तिचा हात आता अगदी स्थिर होता.

'काय करताय?'

'माल पारखतोय.'

'कसा आहे?'

'एक नंबर,' मी म्हणालो. 'खोटं सांगत असेन तर बेदाण्याची द्राक्षं होतील.'